सर बर्ट्रमच्या हंड्याला मेंढीची चरबी

— नाही, शिडी नाही मिळायची. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आता तिसऱ्यांदा विचारून बघताय. किल्ली माझ्याकडे आहे, खरं आहे. शिडी घंटेच्या खोलीत आडवी पडलीय, तेही खरं आहे, येताना दिसलीच असेल तुम्हाला. पण मिळायची नाही. का म्हणजे? सडलीय. तिसरी पायरी — नाही, चौथी — चौथी पायरी गेलीय कामातून. उद्या ईस्टर, लोक प्रार्थनेला यायचे, आणि मी फुलं लावायची सोडून तुम्हाला उचलत बसू? बसा इथे बाकावर. थंड आहे, हो, चर्च आहे ते, स्वैपाकघर नाही. आणि ते पांढरे हातमोजे काढा आधी, इथे काही शस्त्रक्रिया करायची नाहीये. मिस्टर फेन ना तुम्ही? पत्र आलं होतं तुमचं, वाचलं मी. आमचे पाद्री सात गावांची सात चर्चं सांभाळतात, इथे महिन्यातून एकदा उगवतात, मग पत्र कोण उघडणार — मीच. डोर्कस पिम. एकेचाळीस वर्षं या दाराची किल्ली माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे, आणि शहरातल्या संग्रहालयातून कोणी आलं म्हणून मी लगबगीनं शिडी लावून देईन असं वाटत असेल, तर गाव चुकलात तुम्ही.

आणि वर चढून बघायचंय काय? अहो, कार्ड वाचा की. हे काय, खांबाला दोरीनं टांगलंय. शिकलेसवरलेले आहात, वाचा मोठ्यानं. — हां. 'नक्कल. मूळ शिरस्त्राण शहरातील संग्रहालयात आहे.' कोणी लिहिलं हे? मी? माझं अक्षर कोंबडीचे पाय. तुमच्याच लोकांनी लिहिलं, चौऱ्याहत्तर साली, तुमच्याच लोकांनी टांगलं. खाली हा सर बर्ट्रम दगडाचा होऊन झोपलाय, पायाशी कुत्रा, आणि वर भिंतीतल्या खुंटीला त्याचं शिरस्त्राण — लढाईत घालायचा तो, मेला तेव्हा बायकोनं वर टांगलं. साडेपाचशे वर्षं टांगलेलं होतं. मग तुम्ही आलात, जपून ठेवतो म्हणून नेलंत, आणि बदल्यात हे दिलंत, काचेच्या धाग्यांचं की प्लास्टिकचं, वरून रंग मारलेलं. आम्ही म्हणालो, ठीक आहे बाबा. आता पन्नास वर्षांनी तुम्हीच येऊन सांगता की तुमच्याकडचं क्ष-किरणांखाली धरलं आणि आतून माथ्याजवळ विजेचं वेल्डिंग सापडलं. म्हणजे तुमच्या काचेच्या पेटीत इतकी वर्षं खोटं बसलंय. बसू दे! माझा काय दोष त्यात? तुमच्याकडून हरवलं ते तुमच्याकडे शोधा. तळघरं धुंडाळा. इथे कशाला माना वर करून बघताय?

जपून ठेवायला नेतात म्हणे. हा शब्दच मला ऐकवत नाही. या खोऱ्यात पाच चर्चांत पाच शिरस्त्राणं होती, माहीत आहे? तुमच्या पुस्तकात नसेल. माझ्या सासूनं मला बोटांवर मोजून सांगितलं होतं, एकेक गाव घेऊन. विकमियरचं — राजा आणि पार्लमेंट एकमेकांच्या उरावर बसले तेव्हा सैनिकांनी नेलं, घोड्याला दाणा घालायला भांडं नव्हतं म्हणून. ना घोडा परत आला ना भांडं. स्टोक हॅलोचं पाद्र्यानं स्वतः लोहाराला दिलं, दाराला बिजागऱ्या हव्या होत्या. आहेत अजून त्या बिजागऱ्या, जाऊन बघा, दार उघडताना कुरकुरतात, त्यांच्यापुढे कोणी टोपी काढत नाही. ऑलरबीचं जमीनदारानं नेलं. का? तर चर्चमध्ये धूळ खातंय. आपल्या जिन्यावर लावलं, खाली लाल मखमल, पाहुणे आले की दाखवायचा. घराला आग लागली, तिसऱ्या दिवशी राखेतून गोळा निघाला. आणि निदर कोलचं — ते तर आत्ता-आत्तापर्यंत होतं, मी पाहिलंय. त्याखाली पितळी पाटी लावली होती कोणा हुशारानं, 'अस्सल, चौदावं शतक'. चोराला आणखी काय लागतं हो? भर दुपारी गाडी लावली, पाटी वाचली, घेऊन गेला. पाटी ठेवली तेवढी. मग सांगा आता, कोणी घालवली ही सगळी? आमच्यासारख्या अडाण्यांनी? शेवटची दोन तर ज्यांनी मान दिला, त्यांनीच घालवली!

आमचा हंडा मात्र राहिला. हंडाच म्हणतो आम्ही, शिरस्त्राण तुम्ही म्हणा, तुम्हाला शोभतं. का राहिला? कारण त्याला कोणी काही मानलंच नाही. भिंतींना चुना द्यायचा तेव्हा चुना त्यात कालवला. कानांच्या वर दोन भोकं आहेत ना, एकाला एक समोर — ती भाल्याची नाहीत, बादलीची कडी बसवायला पाडलेली आहेत. घंटा वाजवणारे त्यात सफरचंदाची दारू ओतून प्यायचे, चढली की पालथा घालून डोक्यावर घ्यायचे. आणि युद्धात, हिटलरच्या वेळी, सरकारचा माणूस लोखंड गोळा करत आला. थडग्यांभोवतीचे कठडेसुद्धा कापून नेले, ते खुंट आहेत बघा बाहेर अजून. माझी सासू मार्था शिडी लावून चढली, हंडा काढला, उलटा करून गवत भरलं आणि खुराड्यात ठेवून वर कोंबडी बसवली. तो माणूस खुराड्यात डोकावला, कोंबडीनं त्याच्या नाकावर चोच मारली, तो गेला. सहा वर्षं अंडी घातली कोंबड्यांनी त्यात. सर बर्ट्रमच्या डोक्यात उभ्या जन्मात एवढं काही उपजलं नसेल. हसताय? हसा. पण तुमच्या काचेच्या पेट्या आत्ता आल्यात, त्याआधी साडेपाचशे वर्षं कोणी सांभाळला तो हंडा? चुन्यानं, दारूनं आणि कोंबडीनं.

काय? बोट दाखवू नका, सर बर्ट्रमला राग येतो. कुठे आहे डाग? — ते होय. नाकावरचा. तो गंजाचा कुठला, छप्पर गळतंय. कौलाची माती. लाल माती असते आमच्याकडे. — वास कसला घेताय? मेंढीचा? अहो, मेंढ्यांचं गाव हे, इथे पाद्रीबाबांच्या प्रवचनालाही मेंढीचा वास येतो. — बरं, येतो. भिंतीला हात लावून वास घेतलात म्हणजे झालं, आता काय लपवायचं. चरबी लावतो आम्ही त्याला. रिवाज आहे. ईस्टरच्या आदल्या शनिवारी, म्हणजे आजच की — मेंढीच्या मूत्रपिंडाजवळची चरबी कढवायची, फडक्यातून गाळायची, कोमट असतानाच उघड्या हातानं चोळायची, आतून, बाहेरून, श्वास घ्यायच्या एकेका भोकात करंगळी घालून. चरबी बायकांनीच लावायची. पुरुषानं शिडी धरायची आणि मान खाली घालून सर बर्ट्रमच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. वर बघायचं नाही. का म्हणजे काय, वर घागऱ्यातली बाई असते! पूर्वी कोणी बघितलं तर वर्षभर त्याला घंटेला हात लावू देत नसत. सर बर्ट्रमच्या विधवेनं सुरू केलं म्हणतात. तिचं नावसुद्धा राहिलं नाही, बघा, दगडावर याचंच नाव. पण हात तिचा राहिला.

प्लास्टिकला कशाला चरबी? — हे विचारणार वाटलंच मला. रिवाजाला असं विचारतात का? तुम्ही वाढदिवसाला मेणबत्त्या पेटवून लगेच विझवता, तुम्हाला कोणी विचारतं? नक्कल असली म्हणून काय झालं, हात कोरडा ठेवायचा का? आणि प्लास्टिक म्हणजे तरी काय हो, आपली वस्तू आपण नीट ठेवली पाहिजे, नाहीतर ते तुमचं प्लास्टिक इतकं हलकं की कोंबडी बसली की कलंडतं, तळाशी वीट ठेवावी लागते तेव्हा कुठे —

काय? कोणती कोंबडी? कोंबडी म्हणाले का मी? सासूच्या वेळची सांगत होते ना मघाशी. — सासूच्या वेळी प्लास्टिक नव्हतं. हो. नव्हतं. — असे बघू नका माझ्याकडे. तुमचं वय काय, तीस? माझ्या नातीएवढे तुम्ही. आणि मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, आयुष्यभर जीभ दातांमागे ठेवली आणि आज एका कोंबडीपायी — जाऊ दे. झालं. ऐका मग. पूर्ण ऐकायचं पण, अर्धं ऐकून पळायचं नाही.

चौऱ्याहत्तर साली तुमचे प्रोफेसर आले. मोठा माणूस, पुस्तकं लिहिलेला. उंचीला भ्यायचा. शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून दुर्बीण लावून बघितलं आणि कागदावर लिहिलं, अस्सल, दुर्मिळ, खेड्यात ठेवण्याजोगं नाही. खेड्यात ठेवण्याजोगं नाही! फोटो काढले, मापं काठीनं घेतली, वसंतात येऊन नेतो म्हणाले. वरून परवानगीही आणली. आम्हाला कोणी विचारलं? विचारलं नाही, कळवलं. माझा नवरा एनॉक — गावचा लोहार, शाळा चौथीत सुटली त्याची — यानं शिडी लावली. हंडा खाली उतरवला, भट्टीजवळ नेऊन ठेवला, आणि सात आठवडे त्याच्यासमोर नुसता बसून राहिल्यासारखा दिसायचा. बसला नव्हता. जुन्या मळणीयंत्राच्या बॉयलरचा पत्रा होता, तो ठोकत होता. एकेक घाव मूळ हंड्यावर बोटानं चाचपायचा आणि मग तसाच मारायचा. कडीची भोकं पाडली, तलवारीचा ओरखडा पाडला, चुना फासून परत खरवडला. मला म्हणाला, डोर्कस, ज्यानं हा केला ना, त्याचा डावा हात जड होता, माझ्यासारखा. असा बोलायचा, शेजारच्या गावातल्या कोणा लोहाराबद्दल बोलावं तसं. आणि मग तुमची तार आली, सोमवारी नाही, शनिवारीच येतो. माथ्याची शेवटची सांध राहिली होती. रिवेट ठोकायला दोन दिवस हवे होते. मी म्हणाले, तुझं ते ट्रॅक्टरचं वेल्डिंगचं यंत्र लाव आणि मोकळा हो. तो तयारच होईना. म्हणाला, डोर्कस, ते खोटं होईल. मी म्हणाले, अरे बाबा, सात आठवडे दुसरं काय करतोयस? तर म्हणाला, हातानं ठोकलेलं खोटं नसतं. शेवटी केलं त्यानं, माझ्या शब्दाखातर. वरून काळं फासलं. तुम्हाला सापडलं ते हेच. एनॉकची चूक नाही ती. माझी घाई आहे ती, तुमच्या क्ष-किरणांखाली.

तुमच्या माणसांनी एनॉकचा हंडा मखमलीत गुंडाळून नेला आणि आम्हाला प्लास्टिकचा दिला. तो कोंबड्यांना दिला आम्ही, त्यांच्या पूर्वजांचाच मान तो. आणि हा खरा परत वर चढला, आपल्या खुंटीला, आपल्या माणसावर. तुमचंच कार्ड खाली. पन्नास वर्षं हे दार उघडं असतं सकाळी नऊ ते पाच, कोणी हात लावला? निदर कोलचं गेलं त्याच आठवड्यात तो चोर इथेही आला असणार, वाचलं असणार, नक्कल, आणि थुंकून गेला असणार. तुमच्या सगळ्या कुलपांपेक्षा ते कार्ड भारी. चोरी म्हणताय? कोणी कोणाचं चोरलं, सांगा ना! वस्तू गावात होती, गावात आहे. तुम्ही न विचारता न्यायला आलात, तर एनॉकनं सात आठवडे खपून तुम्हाला रिकाम्या हातानं जाऊ दिलं नाही. याला आमच्याकडे पाहुणचार म्हणतात.

आणि ऐका. दरवर्षी एनॉकच्या वाढदिवसाला मी बस पकडून तुमच्या संग्रहालयात येते. अकरा वर्षं झाली त्याला जाऊन. इथे मागे थडगं आहे त्याचं, पण तिथे जाऊन काय बघू, गवत? तुमच्या पेटीसमोर उभी राहते मी. दिवे लावलेत छान. शाळेची मुलं येतात, आ वासून बघतात, एकदा एक मास्तर म्हणत होता, हाताचा घाव बघा, असा माणूस आता होणे नाही. मला म्हणावंसं वाटलं, झाला होता बाबा, चहात चार चमचे साखर घालायचा. तुमचा रखवालदार मला आता खुर्ची आणून देतो. आणि खाली काय लिहिलंय तुम्ही? 'कारागीर अज्ञात'. अज्ञात! बेचाळीस वर्षं मी त्याचे मोजे रफू केले. पण चालतं मला. अज्ञात तर अज्ञात, पेटीत तर आहे. आता तुम्ही काय करणार — हा खरा नेणार, आणि त्याचा उचलून तळघरात फेकणार, वर 'बनावट' अशी चिठ्ठी डकवून. एनॉक पिमला बनावट म्हणणार! मी जिवंत असताना? करून बघा. जा, लिहा अहवाल, आणा पोलीस, आणा बिशप. दारात आडवी पडेन.

— काय झालं? वाजलं काहीतरी. — हां. पडला थेंब. बघितलात ना? नाकावरच. छप्पर नाही गळत. नवीन कौलं घातलीत गेल्या वर्षी, खोटं बोलले. हंडा गळतोय. आत ओल धरतेय, गंज सुटलाय. दोन वर्षं चरबी लागली नाही त्याला. आम्ही तिघी होतो — मिलिसेंट थ्रप गेली परवाच्या थंडीत, ॲग्नेस वृद्धाश्रमात आहे, मला बघून विचारते, तुम्ही कोण बाई. राहिले मी. माझा हा गुडघा. आणि चढले तरी खाली धरणार कोण? एनॉक गेल्यावर मिलिसेंटचा नवरा धरायचा, तोही गेला. बाहेरचा माणूस बोलवावा तर सांगायचं काय, प्लास्टिकला चरबी लावायचीय? मागच्या वर्षी चढून बघितलं एकटीनं. दोन पायऱ्या. पाऊस लागला की मला आधी हा हंडा आठवतो, मग गुडघा. सहाशे वर्षं टिकला, घोडे, आगी, चोर, हिटलर, तुमचे प्रोफेसर, सगळ्यांना पुरून उरला, आणि माझ्या हातात येऊन सडतोय. तुमच्याकडे कोरडा राहील, हे काय कळत नाही मला? कळतं. म्हणून तर तुमचं पत्र फाडलं नाही. तीन आठवडे बरणीखाली ठेवलं होतं.

कुठे निघालात? अहो — बाहेर त्या दारानं नाही, ती घंटेची खोली. मिस्टर फेन! ठेवा ती. सांगितलं ना सडलीय, चौथी पायरी — नाही, सडलेली नाही. बरी आहे. एनॉकनं केलीय, कशी सडेल. पण मी देत नाहीये, ऐकताय ना, तुम्ही घेताय. अगदी त्या प्रोफेसरांसारखे. लावा, लावा, भिंतीला लावा, चढा, काढा, न्या! माझ्या डोळ्यांदेखत न्या. — चढा की. थांबलात का? दोन्ही हातांनी धरून उभे राहिलात, चढणार कसे?

होय का.

माझ्या पिशवीकडे काय बघतोस? डबा आहे तो. हो, चरबीच. आजच्या दिवशी आणते दरवर्षी, आणि परत नेते. सकाळीच कढवलीय, कोमट आहे अजून. — तू म्हणते हं आता, शिडी धरणाऱ्याला तुम्ही म्हणत नाहीत. नीट रोव पाय. गुडघा जरा — हां, तो खांदा दे. घट्ट धर, राजा. आणि मान खाली. सर बर्ट्रमच्या तोंडाकडे बघ, नाक पुसून काढ त्याचं पाहिजे तर. वर नाही बघायचं, सांगितलं ना. वर नक्कल आहे, त्यात बघण्यासारखं काय?